मेक्सिकोत स्पॅनिश चालतं, मग तिथं इंग्रजी कशाला?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीचं कास्टिंग मेक्सिकोला जाणार आहे. तिथला क्वालिटीवाला इंग्रजीचा क्लास लावतोय. स्पॅनिश देशात त्याला इंग्रजी कशाला? आणि आपण कुठली भाषा धरायची?

उत्तर १: भावा, मेक्सिकोची बहुतेक निर्यात अमेरिकेलाच जाते. ड्रॉइंग, पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं), तक्रारीचा एट-डी (आठ पायऱ्यांचा) रिपोर्ट, सगळं अमेरिकन गिऱ्हाइकाला इंग्रजीत लागतं. नोकरीत वर चढायचं तर त्याला ते यायलाच हवं. मशीनवरच्या कामगाराचं मात्र स्पॅनिशवर भागतं.

उत्तर २: खरा घोळ शब्दांत होतो. स्पॅनिश 'आक्तुआलमेंते' म्हणजे 'सध्या', पण नवशिका तिथं इंग्रजी 'ॲक्च्युअली' लिहितो. "ॲक्च्युअली स्टॉक नाही" असा मेल आला तर ऑर्डर बुडाली समजू नका, सध्या नाही एवढंच. स्पॅनिश 'बिल्योन' म्हणजे एकावर बारा शून्यं, आपले एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनच्या हजारपट! स्पेनचं गिऱ्हाईक असेल तर आणखी जपा, तिथं दशांशाला स्वल्पविराम देतात. 12,500 मिमी म्हणजे साडेबारा मिलिमीटर.

उत्तर ३: मेल इंग्रजीतच ठेवा. पेटीवरच्या लेबलवर मात्र हीट नंबरखाली (धातूच्या एका वितळणीचा नंबर) त्याचंच स्पॅनिश 'नूमेरो दे कोलादा' छापा, स्टोअरवाल्याला तेच कळतं.