मदत हवी आहे: रिले बारा आठवड्यांवर, घरात भाऊ गेलाय, सराव कसा बसवू?

तिसरा_टप्पा:
नमस्कार मंडळी. राहणार सातारा, वय ३४. थोरला भाऊ आषाढात अचानक गेला, ३८ वर्षांचा होता. त्याआधीच आमच्या चौघांच्या संघाची रिलेसाठी नावनोंदणी झालेली. एकूण २० किमी, प्रत्येकी ५, बॅटन हातातून हातात द्यायचं. माझा टप्पा तिसरा आणि त्यात साधारण दोन किमी चढ. आज गणपती बसले, इथून शर्यतीला बारा आठवडे आहेत.

आधी ५ किमी ३२ मिनिटांत व्हायचे, आठवड्यातून तीन दिवस पळणं. आता त्याच वेगाला धाप लागते, घड्याळात ठोके दहा-बारा जास्त दिसतात. झोप चार-पाच तास. नेहमीचा रस्ता माहुलीकडचा. तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास घसा दाटतो, रडू येतं, मग पाय चालत नाहीत. बॅटन आयुष्यात हातात धरलेलं नाही. संघातले म्हणतात टी-शर्टवर दादाचा फोटो छापू. नातेवाईक म्हणतात, वर्ष सरलं नाही आणि ही पळते. माघार घ्यावी का? नाही घेतली तर सराव कसा करायचा?

घड्याळ_काढून_ठेवा:
ताई, आधी एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. ‘अचानक’ म्हणजे अपघात की हृदय? हृदयाचं कारण असेल किंवा कारण कळलंच नसेल, तर सरावाच्या आधी तपासणी. चाळिशीच्या आत असा मृत्यू झाला की सख्ख्या भावंडांनी ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायचा असतो, कारण हृदयाच्या स्नायूचे आणि ठोक्यांच्या लयीचे काही आजार रक्ताच्या नात्यात उतरतात आणि बाहेरून काही दिसत नाही. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत डॉक्टरांकडे न्या. नुसतं ‘फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे’ म्हणालात तर बीपी बघून सही मिळेल. ‘भाऊ ३८ व्या वर्षी अचानक गेला, मला चढावर पळायचंय’ हे वाक्य जसंच्या तसं सांगा. रिपोर्ट येईपर्यंत चालणं, बस. पळताना छातीत दुखणं, चक्कर, ठोका चुकल्यासारखं होणं यातलं काहीही झालं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

रिपोर्ट ठीक आले असं धरून पुढचं लिहितो. ठोके जास्त दिसतात त्यात नवल नाही. झोप अर्धी, जेवण अर्धं, शरीर ताणाखाली. तोच वेग आता महाग पडतो. म्हणून वेगाकडे बघायचं नाही, बोलता येतंय का ते बघायचं. पूर्ण वाक्य एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर.

सकाळी अंथरुणातच नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, आठवडाभर लिहून सरासरी काढा. सरासरीपेक्षा ८-१० ने जास्त असेल तर त्या दिवशी फक्त हलकं पळणं. त्याहून वर, किंवा सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप, तर सुट्टी. ती सुट्टी दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं: बुधवारचं राहिलं म्हणून गुरुवारी दुप्पट, आणि शनिवारी नडगी दुखायला लागते.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीनदा २५ ते ३५ मिनिटं, चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. चढ नको. चौथ्यापासून एक दिवस चढाचा: ४५ सेकंद वर, चालत खाली, असे सहा. सातव्या आठवड्यापर्यंत एक मिनिटाचे आठ. त्याच काळात रविवारचं लांब पळणं ६ वरून ८ किमीवर न्यायचं. ५ किमीच्या टप्प्याला याहून लांबचं काही लागत नाही. दहाव्या आठवड्यात बॅटन घेऊन पूर्ण ५ ची रंगीत तालीम. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं, फक्त दोनदा शंभर-शंभर मीटरच्या चार मोकळ्या धावा.

निघण्याआधी एक केळं किंवा दोन खजूर. आल्यावर अर्ध्या तासात पेलाभर दूध आणि अंडी, नाहीतर थालीपीठ-दही. भूक नसली तरी खायचं. तीन आठवड्यांनीही धाप कमी झाली नाही तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

सकाळची_पाळी:
ठोक्यांचं सगळं बरोबर आहे, पण तिसऱ्या किलोमीटरचं कोडं मला निराळं दिसतं. ताई, माहुलीचा रस्ता म्हणजे संगमावरची कैलास स्मशानभूमी त्याच बाजूला. त्याच रस्त्याने तुम्ही पळताय. श्वासाचे व्यायाम नंतर, आधी रस्ता बदला. सपाटीला शाहू स्टेडियम. चढाला चार भिंतींच्या टेकडीचा रस्ता, तिथे पहाटे फिरायला येणारे असतात, एकटं वाटत नाही. यवतेश्वर घाट सध्या शनिवार-रविवारी टाळा. कास पठाराचा फुलांचा हंगाम लागला की गाड्यांची रांग असते, त्यात धुकं आणि पाऊस. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडल्यावर, भडक रंगाच्या कपड्यात.

रडू कुठेही येईल, रस्ता बदलला तरी. हुंदका आला की श्वास छातीत वरच्या वर अडकतो, मग बरगडीखाली कळ येते. तेव्हा वेग तसाच दामटायचा नाही आणि मटकन खालीही बसायचं नाही. साठ-सत्तर पावलं चाला, ओठ अर्धवट मिटून श्वास लांब सोडा, दोन पावलांत घेतलेला चार पावलांत बाहेर. श्वास बसला की पुन्हा पळा. नाही बसला तर चालत घरी. अशी सकाळ वाया गेली असं वहीत लिहू नका.

माघारीबद्दल. महिना-दोन महिन्यांचं दुःख हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही लांबलेल्या शोकाचं निदान सहा महिन्यांच्या आत करत नाहीत. पण जेवण सुटलं, अंघोळ करणंही जड झालं, जगावंसं वाटेना, तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. सिव्हिलमध्ये मनोविकारतज्ज्ञांनाही भेटता येतं.

नातेवाईकांना खुलासे देत बसू नका. आईशी मात्र बोला. पहाटे तुम्ही बाहेर पडता तेव्हा घरात त्या एकट्या असतात का? परत यायची वेळ सांगून जा आणि ती पाळा. अशा घरात उशीर झाला की काळजाचा ठोका चुकतो. जमलं तर पळणं सकाळी सातनंतर ठेवा, चहा एकत्र घेऊन निघा.

चारभिंतीवाला:
बॅटनचं मी सांगतो. मैदानी स्पर्धेचं बॅटन २८ ते ३० सेंमी लांब, घेर १२ ते १३ सेंमी, वजन ५० ग्रॅमच्या खाली नाही. विकत घेऊ नका. शेतीच्या पाइपांच्या दुकानातून ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा २९ सेंमीचा तुकडा कापून आणा, घेर बरोबर साडेबारा भरतो. कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर तळवा सोलतो. चौघांनी चार तुकडे घ्या आणि प्रत्येकाने पळताना हातात ठेवा. पाच किलोमीटर मुठीत काही धरून पळायची सवय नसली की खांदा वर चढतो आणि मान आखडते. दर किलोमीटरला हात बदलायचा, मूठ सैल.

अदलाबदल मागे न बघता करायची, हे शंभर मीटरवाल्यांचं. तुमच्याकडे येणारा गडी दमलेला असणार, त्याचा वेग ठरलेला नसतो. म्हणून घेणाऱ्याने मागे बघत राहायचं, डावा हात मागे, तळवा वर, अंगठा उघडा. देणाऱ्याने उजव्या हाताने द्यायचं आणि ‘घे’ असा एकच शब्द ओरडायचा. घेणाऱ्याची मूठ मिटल्याशिवाय सोडायचं नाही. मैदानी नियमात बॅटन अदलाबदलीसाठी आखलेल्या पट्ट्याच्या आत आहे का हे बघतात, पाय कुठे आहेत ते नाही. पडलं तर ज्याच्याकडून पडलं त्यानेच उचलायचं. तुमच्या शर्यतीचा पट्टा किती मीटरचा आणि नियम कुठले हे आयोजकांकडून लेखी मागवा. स्टेडियमवर खडूने २० मीटर आखा आणि दमल्यावर सराव करा, ताज्या पायांनी नाही. चुका दमल्यावरच होतात.

आणखी एक. तिसरा टप्पा म्हणजे थांबणं. पहिला २६ मिनिटं, दुसरा २९ धरला तर तुम्ही ५५ मिनिटं उभ्या. रिले नवख्यांची बिघडते ती इथे. सुटल्याचा आवाज आला की सगळे अंग गरम करायला लागतात आणि बॅटन येईस्तोवर गार होतात. शौचालयाच्या रांगेत असताना आपला गडी येतो हेही घडतं. घाटात मोबाईलच्या रेंजवर भरवसा नको, घड्याळावर चाला. सुटल्यापासून ३५ व्या मिनिटाला हलकं पळायला सुरुवात, ५० व्याला जॅकेट उतरवून पट्ट्यात.

माझं मत विचाराल तर टप्पा बदलून पहिला घ्या. सुटायची वेळ ठरलेली, थांबणं नाही, बॅटन घ्यायचं नाही, फक्त द्यायचं.

सकाळची_पाळी:
पहिला नको. सुरुवातीलाच माईक, ढोल, पाहुण्यांची भाषणं. संघातल्या कुणी आयोजकांना सांगितलं असेल तर निवेदक भावाचं नाव घेऊन श्रद्धांजली वाहणार आणि पुढच्या मिनिटाला पळायचं. दुसरा घ्या. थांबणं अर्ध्या तासाच्या आत, गर्दी पांगलेली. चढाचा तिसरा टप्पा संघात जो घाटात नेहमी पळतो त्याला.

फोटोचंही तेच. लोक दिवसभर छातीकडे बघून चौकशी करणार आणि तुम्ही उत्तरं देत बसणार. नाव हवंच असेल तर चौघांच्या कॉलरच्या आतल्या बाजूला लिहा. आईला विचारल्याशिवाय तेही नको.

तिसरा_टप्पा:
सगळ्यांचे आभार. अहवालात हृदयाचंच कारण आहे. उद्या ईसीजी आणि इको ठरवलाय, तोवर चालणंच. रस्त्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या टप्प्याला संघ तयार आहे. दोन शंका: पितृपक्ष आणि भाऊबीज मध्येच येतात, त्या दिवसांत काय करू? आणि ऐनवेळी जमलंच नाही तर तिघांचं नुकसान होईल, हे डोक्यातून जात नाही.

घड्याळ_काढून_ठेवा:
पितृपक्ष तुमच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो, तेव्हा वेळापत्रक तसंही हलकंच आहे. भाऊबीज नवव्या आठवड्याच्या सुरुवातीला. तो आठवडा आत्ताच निम्मा करून ठेवा: दोनदा २५ मिनिटं, चढ नाही, लांब पळणं नाही. मासिक श्राद्धाच्या तारखाही कॅलेंडरवर मांडा, त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी चढाचा सराव ठेवू नका. आठ आठवड्यांत कमावलेलं एका आठवड्यात जात नाही.

आणि इको करताना विचारा की यानंतर स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) किंवा चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर लागेल का. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, भावाच्या अहवालात नेमकं काय लिहिलंय त्यावर पुढचं ठरतं.

चारभिंतीवाला:
तिघांच्या नुकसानीवर इलाज पाचवा गडी. नाव बदलायची शेवटची तारीख बहुतेक शर्यतींत आठवडा-दोन आठवडे आधीची असते, ती आजच विचारून घ्या. राखीव माणसाला दहाव्या आठवड्याच्या तालमीला बोलवा, पाइपचा पाचवा तुकडा त्याच्यासाठी. संघात ठरवून टाका: त्या तारखेच्या आदल्या रात्रीपर्यंत तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर कारण कुणी विचारायचं नाही. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी. त्यानंतर रस्त्यातच अडलं तर चालत या, दुसरा टप्पा चालत संपवला म्हणून संघ बाद होत नाही, फक्त शर्यतीची वेळमर्यादा किती आहे ते त्याच पत्रात विचारून घ्या.