'मॉडिफिकेशन'ला मराठीत काय म्हणायचं? (आरएनए, ताण आणि इजा)

भाषांतरी : विज्ञानकेंद्रातल्या एका फलकासाठी वाक्य हवं आहे. आशय असा : पेशीला ताण बसला किंवा इजा झाली की ती आपल्या आरएनएवर (डीएनएवरून उतरवलेल्या, चार प्रकारच्या 'अक्षरां'च्या रेणूमाळेवर) रासायनिक 'मॉडिफिकेशन' करते आणि त्यामुळे तगून राहते. खर्ड्यात 'आरएनए बदलतो' असं होतं. तपासणीत ते खोडून 'आरएनएचं उत्परिवर्तन होतं' असं केलं गेलं. दोन्ही पटत नाहीत. फलक आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे.

रेणूवाचक : 'उत्परिवर्तन' साफ चूक आहे. उत्परिवर्तनात अक्षर बदलतं. इथे अक्षर तेच राहतं, त्याला फक्त खूण लागते. सगळ्यात परिचित खूण म्हणजे एम६ए. एडेनोसिन या अक्षराच्या सहाव्या जागेवरच्या नायट्रोजनला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) चिकटतो, वजन १४ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) वाढतं, पण ते अक्षर जोडी मात्र पूर्वीसारखी युरिडिन या अक्षराशीच जुळवतं. म्हणून नेहमीच्या पद्धतीने क्रमवाचन केलं तर ही खूण दिसतच नाही. पुढच्या पिढीकडेही ती जात नाही, कारण तो आरएनए काही तासांत मोडीत निघतो.

ताणाशी संबंध कसा, तेही सांगतो. सस्तन प्राण्यांच्या पेशी ३७ अंशांवरून ४२ वर नेल्या की वायटीएचडीएफ२ हे प्रथिन पेशीद्रवातून केंद्रकात शिरतं. नव्याने तयार होणाऱ्या ताणकालीन आरएनएच्या सुरुवातीच्या भागातल्या एम६एवर ते ठाण मांडतं, त्यामुळे एफटीओ हे खूण पुसणारं विकर (एन्झाइम) तिथे पोचू शकत नाही. खूण टिकते. एरवी रायबोसोम (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) आरएनएच्या टोकावरची टोपी पकडून काम सुरू करतो, पण तापलेल्या पेशीत तो मार्ग मंदावतो. अशा वेळी ही खूण असलेल्या एचएसपी७० या ताणकाळातल्या प्रथिनाच्या आरएनएचं भाषांतरण (त्यावरून प्रथिन बनणं) टोपीवाचूनही सुरू होतं. हे २०१५ साली दाखवलं गेलं.

सातबारा : मग 'फेरफार' का नको? गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन तीच, गट क्रमांक तोच, फक्त त्यावर नोंद चढते आणि पुढचा व्यवहार त्या नोंदीप्रमाणे होतो. रेणूवाचक म्हणतात ती खूण नेमकी अशीच आहे.

कोशातून : फेरफाराला माझा विरोध आहे, दोन कारणांनी. महसुली इंग्रजीत त्याच नोंदीला 'म्युटेशन' म्हणतात, म्हणजे जे टाळायचं तेच मागच्या दाराने आत येतं. दुसरं म्हणजे 'कागदपत्रात फेरफार केला' हे वाक्य ऐकल्यावर कुणालाही लबाडीचा वास येतो. 'संस्करण' घ्या. संस्कारात मूळ वस्तू तीच राहते आणि तिची योग्यता वाढते.

सातबारा : संस्करण म्हणजे आवृत्ती, असंच मुलं वाचणार. फेरफार हा शब्द तलाठी कार्यालयापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत जिवंत आहे. जिवंत शब्द सोडून सोवळ्यातला का उचलायचा?

रेणूवाचक : 'योग्यता वाढते' हे प्रत्येक खुणेला लागू होत नाही. बहुतेक पेशींत एम६ए असलेला आरएनए उलट लवकर मोडला जातो, तेही वायटीएचडीएफ२मुळेच. तीच खूण, ती वाचणारं प्रथिनही तेच, पण परिस्थिती बदलली की परिणाम निराळा. अशा खुणांचे आजवर १७०हून अधिक प्रकार माहीत आहेत, सगळ्यांना चांगलंच म्हणणारा शब्द चालायचा नाही.

निरुक्त : व्याकरणाकडे बघा, तिथे ही व्यवस्था तयारच आहे. वर्णागम (वर्ण वाढणं), वर्णविपर्यय (वर्णांची जागा फिरणं), वर्णविकार (वर्ण पालटणं), वर्णनाश (वर्ण गळणं). आरएनएला आपण अक्षरांची माळ म्हणतोच. मिथाइल चिकटला तो वर्णविकार. आणि ज्याने विकार घडतो तो 'विकर', हा शब्द पाठ्यपुस्तकात आहेच. दोन्ही 'वि' अधिक 'कृ'. याहून नेटकी जोडी कुठे मिळणार?

कोशातून : व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आजच्या मराठीत विकार म्हणजे हृदयविकार. 'पेशी आरएनएमध्ये विकार घडवून तगते' हे फलकावर लिहिणार?

निरुक्त : आणि विपर्ययही चपखल बसतो. स्यूडोयुरिडिन, ही १९५१ साली सापडलेली पहिली खूण. तिथे एकही अणू वाढत नाही की घटत नाही. युरिडिनमधलं युरॅसिल त्यातल्या साखरेला नायट्रोजनने जोडलेलं असतं ते सुटतं, फिरतं आणि कार्बनने जोडलं जातं. 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तसं. अक्षरं तीच, मांडणी फिरली. यीस्टला उष्णतेचा धक्का दिला की पीयूएस७ हे विकर या खुणा वाढवतं.

नळीकाम : हे उदाहरण फार महत्त्वाचं आहे, कारण 'जोड', 'भर', 'अलंकरण' हे सगळे शब्द इथे बाद होतात. वजन तेच असल्याने वस्तुमानावरून ही खूण ओळखता येत नाही. त्यासाठी सीएमसी नावाचं अभिकर्मक तिला चिकटवतात, मग उलट प्रतिलेखन करणारं (आरएनएवरून डीएनए लिहिणारं) विकर तिथे थांबतं आणि ती जागा कळते. शिवाय ती पुसणारं विकर ज्ञात नाही. म्हणजे 'तात्पुरती खूण' हेही सरसकट लिहू नका.

आता मूळ वाक्यातली खरी अडचण. 'आरएनए बदलतो' हे वाक्य दुहेरी आहे. पेशी आरएनए बदलते, की आरएनए आपोआप बदलतो? या विषयात तो फरक म्हणजेच सगळं काही. १-मिथाइल एडेनोसिन घ्या, म्हणजे मिथाइल सहाव्याऐवजी पहिल्या जागी. टीआरएनएच्या (अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या आरएनएच्या) ५८व्या जागी ते विकर मुद्दाम बसवतं आणि त्याने रेणूचा आकार पक्का होतो. तेच १-मिथाइल एडेनोसिन मिथाइल मीथेनसल्फोनेटसारख्या रसायनाने भलत्या जागी झालं, तर ती इजा. अक्षराची जोडी जुळवणारी बाजूच बंद होते. ई. कोलाय या जीवाणूमधलं अल्कबी हे विकर ती इजा डीएनएवरून काढतं, आरएनएवरूनही काढतं. रेणू एकच, पण एका ठिकाणी केलेला आणि दुसऱ्या ठिकाणी झालेला.

प्रयोगातही इथेच घोटाळा होतो. आरएनएचे तुकडे करताना अल्कधर्मी द्रावणात जास्त वेळ तापवलं, तर १-मिथाइलचा मिथाइल सरकून एम६ए बनतो. मग यंत्र दाखवतं की ताणाने एम६ए वाढला, आणि तो वाढलेला असतो परीक्षानळीत. दुसरी चूक म्हणजे एकूण आरएनए तसाच मोजायचा. त्यात एमआरएनए (प्रथिनाचा आराखडा नेणारा आरएनए) जेमतेम १ ते ५ टक्के. माणसाच्या १८एस आणि २८एस या दोन रायबोसोमी आरएनएमध्येही प्रत्येकी एक एम६ए असतो, तोच संकेत व्यापून टाकतो. म्हणून एमआरएनए त्याच्या पॉली-ए शेपटीवरून (टोकाला असलेल्या एडेनोसिनच्या रांगेवरून) दोनदा वेचून घ्यावा.

भाषांतरी : म्हणजे 'करणे' आणि 'होणे' वेगळं दिसायला हवं. 'पेशी आरएनएवर रासायनिक खुणा करते' असं लिहिलं तर?

नळीकाम : चालेल. अतिनील किरणांनी डीएनए दुखावला की साधारण २ मिनिटांत त्या जागेजवळच्या आरएनएवर एम६ए दिसू लागतो. तिथे 'खूण' शब्द अगदी बोलका आहे.

निरुक्त : पण विपर्ययाला खूण कसं म्हणणार? काही चिकटवलेलंच नाही.

सातबारा : म्हणूनच फेरफार.

बहार : 'ताण' शब्दावर कुणीच बोललं नाही. भौतिकशास्त्रात ताण म्हणजे दोरीतला किंवा पृष्ठताणातला. पेशीला 'दबाव' किंवा 'प्रतिकूलता' जास्त बरोबर, असं काही ठिकाणी छापलेलं दिसतं.

शिवार : ताणच ठेवा. मोसंबी, डाळिंबाच्या बागेत बहार धरताना पाणी तोडून ताण देतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. कमी पडला तर फूल एकसारखं निघत नाही, जास्त झाला तर पानगळ होऊन फांद्या वाळतात. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं. मारून टाकत नाही पण झाडाला आतून वेगळं वागायला लावतं, हा अर्थ 'दबाव'मध्ये अजिबात नाही.

कोशातून : पण तो ताण मुद्दाम दिलेला, फायद्यासाठी. पेशीला दुष्काळासारखा ताण येतो, त्याचं काय?

शिवार : त्यालाही शब्द आहे. बागेला ताण देतात, पावसाने दडी मारली की पिकाला ताण बसतो. मूळ प्रश्नात 'ताण बसला' असंच आहे, ते बदलू नका.

बहार : पण मग प्रयोगशाळेत ४२ अंशांवर ठेवलेल्या पेशींना ताण दिला म्हणायचं की बसला?

नळीकाम : माणसाने दिला, पेशीला बसला.

सातबारा : आणि फेरफाराचं काय ठरलं?