मदत हवी आहे : जुन्या कपाटाच्या दारांना कोरीव लाकडाचे रूप द्यायचे आहे
सर्वांना नमस्कार. फोंड्याजवळच्या आमच्या घरी सासूबाईंचे जुने सागवानी कपाट आहे. सांगाडा अजून भक्कम आहे, परंतु दारांना मागाहून साधे प्लायवूड बसवलेले असल्यामुळे ती अगदी ओकीबोकी दिसतात. जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटन चर्चच्या वेदींवर आहे तशी पानाफुलांची वेलबुट्टी या दारांवर उठवावी, अशी माझी फार इच्छा आहे.

स्टेन्सिल ठेवून वुड पुट्टीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यावा, तो वाळल्यावर कडा पॉलिशपेपरने गोल कराव्यात, सगळीकडे गडद तपकिरी रंग लावावा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिकट रंग फिरवावा, म्हणजे खाचा काळसर राहून कोरल्याचा भास होतो, एवढी पद्धत मला समजली आहे. सिलिकॉनच्या साच्यात हवेवर वाळणारी क्ले भरून फुले चिकटवण्याचाही पर्याय आहे. मात्र ती वाळताना आकसते, म्हणून मोठ्या नक्षीसाठी मला ती तितकीशी भरवशाची वाटत नाही.

खरी काळजी पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत प्लायवूड फुगते, आणि त्यावरची पुट्टी तडकली तर सगळी मेहनत वाया जाईल. लाकडाचा भुसा व फेविकॉल यांचे मिश्रण अधिक टिकते का? जुने पॉलिश पूर्ण खरवडावे, की हलके घासून प्रायमर लावला तरी चालेल? तसेच किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी वरून पीयू पॉलिश (पॉलियुरेथेनचा संरक्षक थर) वापरले असल्यास त्यांचा अनुभव कृपया सविस्तर कळवावा.