कासवाच्या पिल्लासाठी ऊन आणि ओलावा

जमिनीवरील कासवाच्या पिल्लाची पेटी खिडकीपाशी ठेवली की वेगळा दिवा लागत नाही, हे मत मला पटत नाही. कारण खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी (एका प्रकारचे अतिनील) किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, आणि त्या किरणांवाचून ‘ड३’ जीवनसत्त्व पुरेसे तयार न झाल्याने कॅल्शियम अंगी लागत नाही व कवच मऊ पडते. यूव्हीबी दिवा हवाच. बहुतेक जातींसाठी त्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब असावी, दुसरे टोक मात्र गार राहावे.

ओलाव्याकडे तर फारच दुर्लक्ष होते. सतत कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या कवचावर उंचवटे येतात, आणि ते पुढे सपाट होत नाहीत. माझे पिल्लू दुपारी कोपऱ्यातल्या ओलसर मातीत पुढच्या पायांनी उकरत शिरते. तेव्हा कवचाची मागची कड तेवढी बाहेर दिसते.