मदत हवी आहे: चवथीला पिक्सारचा कोणता सिनेमा लावू?

नमस्कार मंडळी. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फोंड्याच्या घरी आम्ही सगळे जमतो. रात्री आरत्या झाल्या की भिंतीवर प्रोजेक्टर लावून पोरांना एक सिनेमा दाखवायचा, असं यंदा ठरलंय. पिक्सारचाच हवा, इथवर एकमत आहे. पुढे भांडण!

भावाचं म्हणणं, 'टॉय स्टोरी'च लावा. 1995 सालचा, पूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला मोठा सिनेमा. पण घरातल्या प्रत्येक पोराला तो पाठ आहे. माझं मत स्वयंपाक करणाऱ्या उंदराच्या 'रॅटटुई'ला (2007). त्यावर काकी म्हणते, "सणाच्या दिवसांत रांधपात उंदीर नको बघायला." अगे, समोर मखरात बसलाय त्याचं वाहन कोण? भाचीला 'फाइंडिंग नीमो' हवाय. आम्ही शिवराक (शाकाहारी) जेवत असताना दीड तास नुसते मासे बघायचे म्हणजे काकांचा अंतच बघणं.

खरी अडचण आजीची आहे. तिला इंग्रजी कळत नाही, आणि तिला सोडून बघायचं नाही. म्हणून 'वॉल-ई' (2008) डोक्यात आहे, सुरुवातीचा बराच भाग जवळजवळ संवादांशिवायच आहे. पण पाच वर्षांचा धाकटा तेवढा वेळ बसेल का? 'कोको'तली विस्मरण झालेली पणजी आजीला नक्की भिडेल. मात्र गोष्ट मेलेल्या माणसांच्या जगातली, आणि आजोबा गेल्यानंतरची ही पहिलीच चवथ, म्हणून धीर होत नाही.

लहान पोरं आणि म्हातारी माणसं एकत्र बसवून कुणी यातलं काही दाखवलंय का? कोण कुठे कंटाळलं, तेवढं सांगा.