कानन देवींना घडवलं कोणी?

पारिजात
काल इथे कुणीतरी लिहिलं, "कानन देवीला बरुआंनी चिखलातून उचललं आणि घडवलं." बंगाली सिनेमातली गायिका-नायिका कानन देवी, आणि बरुआ म्हणजे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स स्टुडिओचे दिग्दर्शक प्रमथेश बरुआ. रात्रभर तेच वाक्य डोक्यात होतं. हावड्याची ही पोर वडील गेल्यावर आईबरोबर नातेवाइकांकडे घरकाम करत होती. 1926 साली 'जयदेव' हा चित्रपट केला तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. पंचवीस रुपये ठरले होते, हातात पडले पाच. 1931 च्या 'जोर बरात'मध्ये नायकाने चुंबन घेतलं. दिग्दर्शकाने त्याला आधी सांगितलं होतं, तिला नाही. एवढं सोसून ती 'मानमयी गर्ल्स स्कूल'ची नायिका झाली, तेही राधा फिल्म्स या दुसऱ्या कंपनीकडे. 'देवदास'साठी पार्वती म्हणून बरुआंना तीच हवी होती, पण राधा फिल्म्सचा करार आड आला. गरज कोणाला होती?

रेकॉर्डवाला
मीच लिहिलं होतं, आणि माझं मत तेच आहे. बरुआंचा 'मुक्ती' (1937) नसता तर ही बाई बंगालबाहेर कुणाला माहीत झाली असती? न्यू थिएटर्सचे संगीतकार रायचंद बोरालांनी गळ्यावर मेहनत घेतली. पंकज मल्लिकांच्या संगीतात ती रवींद्रनाथांचं 'आज सबार रंगे' गायली. तेव्हाचा स्टुडिओ म्हणजे गुरुकुल. न्यू थिएटर्स काय, आपलं प्रभात काय, माणसं तिथेच तयार झाली. आता यंत्र सूर लावतं आणि पोरं गायक म्हणवतात!

कृष्णाकाठ
प्रभात काढलंत म्हणून बोलतो. दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा' करून कलकत्त्याला गेल्या आणि 1933 मध्ये न्यू थिएटर्सचाच 'राजराणी मीरा' केला. घरंदाज बायकांना सिनेमाचं दार त्यांनी उघडलं. कानन देवींच्या आधी त्यांचं नाव घ्या.

पारिजात
घरंदाज! दुर्गाबाईंनाही 'फरेबी जाल' या चित्रपटावरून लोकांनी कमी ऐकवलं नव्हतं. पण त्यांच्यामागे निदान घराणं होतं. काननच्या मागे कोण होतं?

ओवी
'घरंदाज' या एका शब्दापायी माझ्या आत्याचं आयुष्य गेलं. संगीत नाटकात कामं करायची. पुढे लग्न झालं, मुलं झाली, तरी आमच्या वाड्यात हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे. तिचं गाणं ऐकायला मात्र तीच माणसं पहिल्या रांगेत बसायची. ती शेवटपर्यंत गात राहिली, पण घरात कधीच नाही.

कृष्णाकाठ
तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटतं. पण मी कुणाला कमी लेखलेलं नाही. उगाच माझ्या तोंडी शब्द घालू नका.

ओवी
शब्द तुमचाच आहे. वर जाऊन वाचा. 1940 मध्ये काननने अशोक मैत्रांशी लग्न केलं, ब्राह्मो समाजातल्या नामवंत घरात. रवींद्रनाथांनी आशीर्वाद म्हणून सही केलेलं चित्र पाठवलं, तर लोकांनी त्यावरही गहजब केला. सासरकडून सिनेमा सोड म्हणून दबाव आला. तिने सिनेमा सोडला नाही. 1945 ला घटस्फोट. तेव्हा 'घडवणारे' कुठे होते?

रेकॉर्डवाला
लग्नाचा आणि गळ्याचा संबंध काय? माझे आजोबा तिच्या 'तूफान मेल' गाण्याची तबकडी लावून डोळे मिटून बसायचे. मला तिचा मोठेपणा तुमच्याकडून शिकायचा नाही.

पारिजात
मग ते 'तूफान मेल' आठवा. 1942 च्या 'जवाब' चित्रपटातलं. त्याच्या आदल्या वर्षीच तिने न्यू थिएटर्स सोडलं होतं. तबकडीवर आजोबांनी ऐकलं ते गुरुकुल सोडून आलेल्या बाईचं गाणं. पुढे 1949 मध्ये स्वतःची श्रीमती पिक्चर्स काढली, शरच्चंद्रांच्या कथांवर चित्रपट केले. 1976 चा फाळके पुरस्कार मिळाला तो कुणाच्या मेहरबानीने?

रेकॉर्डवाला
'जवाब'चे दिग्दर्शक बरुआच होते, हे सोयीने गाळलंत. तरी 'चिखलातून उचललं' हे मी लिहायला नको होतं. तेवढं मागे घेतो. बोरालांनी गळा घडवला, हे मागे घेणार नाही.

ओवी
गळा तिचा होता. तालीम त्यांची. असं लिहा, मी वाद घालणार नाही.