टोगॅफ आधी करू की बीपीएमएन?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये नऊ वर्षं हिशेब बघतोय. तुरीचा ट्रक काट्यावर येतो, मॉइश्चर तपासतात, आणि तोच आकडा तीन वह्यांत चढतो. हे मनापासून सुधारायचंय. कोणता कोर्स करू: टोगॅफ (कंपनीची रचना आखायची पद्धत) की बीपीएमएन (कामाचा प्रवाह चित्रात मांडायच्या ठरलेल्या खुणा)?

उत्तर (धुळे): भाऊ, आधी बीपीएमएन. २.० आवृत्ती २०११ची, ते ठरवणाऱ्या ओएमजी या संस्थेच्या साइटवर फुकट मिळते. काटा, लॅब, गोदाम असे तीन आडवे पट्टे आखा. काम एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातं तिथेच बघा, दुबार नोंद तिथेच सापडते.

उत्तर (भुसावळ): टोगॅफ अख्ख्या कंपनीच्या रचनेसाठी. दहावी आवृत्ती २०२२ची. परीक्षेचे दोन टप्पे: फाउंडेशन, मग प्रॅक्टिशनर. एका मिलसाठी तो खर्च आत्ता नको.

प्रश्नकर्ता: काल काट्यावरच्या काकांना विचारत कागदावर काढलं. लॅबची चिठ्ठी गोदामात चौथ्यांदा उतरवतात!